सात खुर्च्यांचा बँड

पंचफुलामावशी माझं दार वाजवायची ती आत येण्यासाठी नव्हे, वाजवण्यासाठी. मी आतून ‘या’ म्हटलं तरी तिचं चालूच असे. दाराची वरची फळी जाड होती आणि खालची पातळ, त्यामुळे दोन वेगळे आवाज निघत. हा शोध तिनं लावला होता; दार माझं असून मला त्याचा पत्ता नव्हता. ठेका पुरा झाला की ती आत येई, टेबलावरची माझी पुस्तकं कोपरानं बाजूला सारी, मोकळ्या झालेल्या जागेवर चार बोटं आपटून पाही आणि म्हणे, “मास्तर, चिठ्ठी लिव्हाची हाय.”

चिठ्ठी लिहायची असे ती तिच्या बँडची. बँड बायकांचा होता, सात जणींचा, आणि सत्तरच्या दशकात वाशीममध्ये असा बँड असणं ही जेवढी नवलाची गोष्ट होती, तेवढीच शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या दुर्दैवाची होती. त्या बँडचा सेक्रेटरी मी होतो. मला कुणी विचारलं नव्हतं. एकदा मी एक चिठ्ठी लिहून दिली, त्या चुकीची फेड पुढं सहा वर्षं चालली.

मी तेव्हा नगरपालिकेच्या शाळेत मास्तर होतो आणि बाहेरून बी.ए.ची परीक्षा देत होतो. आमची बौद्धांची वस्ती गावाच्या कडेला. तिथं माझी खोली आणि मावशीचं घर यांच्यात एक कुडाची भिंत होती. त्या भिंतीतून तिकडचा कांदा परतल्याचा वास येई, मग बँडला कोण अडवणार? मावशी सरकीच्या धुळीत दिवसभर जिनिंगच्या कारखान्यात काम करी. तिच्या बँडमधल्या सगळ्याच जणी जिनातल्या. जिनात यंत्रं चालू असताना माणसाला माणसाशी ओरडूनच बोलावं लागतं, आणि दहा-बारा वर्षं ओरडलं की तोच माणसाचा आवाज होतो. या बायकांना ‘हळू’ नावाची एक गोष्ट जगात आहे हे ऐकून माहीत होतं, पण तिचा अनुभव नव्हता.

मावशीला जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिच्याविषयी बोलताना लोक ‘फार मोठ्या मनाची बाई’ वगैरे म्हणतात. ही माणसं कुडाच्या भिंतीपलीकडं राहत नव्हती.

बँड तिनं उभा केला तो करीमउस्तादांच्या अंगणातून. उस्तादांची बँडपार्टी एके काळी नावाजलेली होती. पुढं मुलं शिंपीकामाला लागली आणि उस्तादांचे पुढचे दात पडले. दात नसलेल्या माणसाला क्लॅरोनेट वाजवता येत नाही. बँडपार्टी बंद झाली. ढोल, ताशे, झांजा आणि एक बिगुल अंगणात गोणपाटाखाली पडून होते. मावशी रोज त्याच रस्त्यानं जिनात जाई. एक दिवस ती आत शिरली, गोणपाट उचललं आणि ढोलावर एक थाप मारली. उस्तादांची बायको आतून धावत आली, तिला वाटलं भिंत पडली.

“इकता का?” मावशीनं विचारलं.

उस्ताद म्हणाले, “बजाएगा कौन?”

“मी.”

त्यानंतर मावशीच्या दंडातली चांदीची वाकी दिसली नाही. ढोलाबरोबर उस्तादांच्या पार्टीचे लाल कोटही आले, पितळी बटणांचे, खांद्यावर सोनेरी झालरी असलेले. पुरुषांच्या मापाचे ते कोट या बायका लुगड्यावर चढवत आणि बाह्या कोपरापर्यंत दुमडत. मला थाटामाटाचा मुळातच कंटाळा आहे. पण एप्रिलच्या उन्हात लोकरी कोट घालून घामानं निथळणाऱ्या त्या सात जणी पाहिल्या की थाटाचीही कीव यायची. “मावशी, हे कोट काढा,” मी म्हणायचो. ती म्हणायची, “बटनं पाह्यली का, मास्तर? पाटलाच्या कोटाले नाईत अशी.”

उस्तादांनी त्यांना शिकवायचं कबूल केलं, बायको समोर बसलेली असेल या अटीवर. क्लॅरोनेट कुणाला फुंकता येईना, म्हणून सूर बाद झाला. बिगुल एकीला जमला, पण त्यातून एकच स्वर निघे. उरला तो नुसता ठोका. दोन ढोल, दोन ताशे, दोघींच्या हाती झांजा आणि तो एकसुरी बिगुल. लग्नात लोक सिनेमातलं गाणं वाजवा म्हणत, तर यांच्याकडे गाणं नव्हतंच. यांच्याकडे तीन चिजा होत्या आणि त्यांची नावं मावशीनं जिनातून आणली होती: ‘भोंगा’, ‘पट्टा’ आणि ‘पट्टा तुटला’. पहिली मोठी होती, दुसरी भरधाव होती आणि तिसरीत सुरुवातीला सगळं शिस्तीत चालून मग एकदम जे काही व्हायचं त्याला संगीतशास्त्रात शब्द नाही.

“बाई, ये बाजा है, लढाई नहीं,” उस्ताद कपाळाला हात लावून सांगत. “ताल को साँस तो लेने दो.”

“मशीनवर साँस घेतली तं बोटं जातात, उस्ताद,” मावशी म्हणे आणि ढोल आणखी जोरात बडवी.

ताशावर सिंधू होती, सतरा-अठरा वर्षांची, चवळीच्या शेंगेसारखी, आणि तिच्या मनगटात काय होतं देव जाणे. उस्ताद तिच्याकडे बघून गप्प होत, हीच त्यांची शाबासकी. झांजांवर कौसल्या होती. ती वेळेवर कधीच आली नाही. म्हणजे तालमीला वेळेवर यायची. ठोक्यावर यायची नाही. जिनानं तिचा एक कान जवळजवळ बंद केला होता. मी एकदा मावशीला सांगितलं, “हिला काढा, ही सगळ्या चिजा बिघडवते.” मावशीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी वर्गात एखाद्या पोराचं नाव पटावरून खोडा म्हणालो होतो.

“तुह्या वर्गातली ढ पोट्टी तू काढून टाकते का?”

“ती वेगळी गोष्ट आहे.”

“काहून येगळी? तिच्या झांजेचा आवाज तिले ऐकू येते, मास्तर. दुसरं कोनाचं काईच ऐकू येत नाई तिले. थेबी काढून घेऊ?”

तालीम संध्याकाळी, जिन सुटल्यावर. माझा अभ्यास त्याच वेळी. त्या वर्षी मी इंग्रजीत नापास झालो. मी जाऊन मावशीला निकाल सांगितला, तिला थोडी तरी शरम वाटावी म्हणून. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, “आमी वाजोतो तं तुहं डोकं काहून बंद होते? आमचं तं उघडते.” आणि मग, मोठ्या सहानुभूतीनं: “पुढच्या साली बस. आमी तोवर चांगल्या शिकू.” पुढच्या वर्षी त्या चांगल्या शिकल्या, म्हणजे आवाज दुप्पट झाला. मी मात्र पास झालो, कारण अभ्यासाला रोज वाशीमच्या स्टेशनवरच्या बाकावर जाऊन बसू लागलो. गाड्यांच्या आवाजात फार शांतता वाटायची.

चिठ्ठीत मावशीची एक अट असे आणि ती सोडून बाकी काही लिहिलं नाही तरी चाले. सात खुर्च्या. बँडला बोलावणाऱ्यानं मांडवात सात खुर्च्या ठेवायच्या. एक चीज वाजवून झाली की सात जणी त्यांवर बसणार, मग उठून दुसरी वाजवणार. मी समजावलं की बँडवाले उभेच असतात, जगभर तीच पद्धत आहे. “जगानं आमाले इचारून केली का?” ती म्हणाली. “आमच्या लोकायले वाजवतानी उभं ठेवलं अन् जेवतानी उकिरड्याजवळ. आता खुर्ची पायजे. लिव्ह.”

शेलूबाजारच्या एका धान्याच्या व्यापाऱ्यानं मुलाच्या लग्नाला त्यांना बोलावलं, मुख्यतः नवल म्हणून. बायकांचा बँड आणला असं त्याला पाहुण्यांत मिरवायचं होतं. जीपमध्ये सात बायका, सात वाद्यं, सात लोकरी कोट आणि मी, असे कोंबून गेलो. पाहतो तर खुर्च्या नाहीत. बैलांच्या गोठ्याशेजारी एक सतरंजी टाकलेली. मला वाटलं आता भांडण होणार. मी माझी चिठ्ठी खिशातून काढून व्यापाऱ्याच्या भावाला दाखवू लागलो. त्यानं ती उलटी धरली. मावशीनं सगळ्यांना उठवलं, थेट मांडवाच्या तोंडाशी नेलं, आणि आत मंगलाष्टकं सुरू होताच ‘भोंगा’ सुरू केला.

भटजींचे ओठ हलताना दिसत होते, एवढंच. अंतरपाट धरणाऱ्यांना तो केव्हा काढायचा ते कळेना. नवरी मान वर करून सिंधूच्या ताशाकडे बघत होती आणि माझ्या मते ती एकटीच त्या मांडवात सुखी होती. थोड्याच वेळात खुर्च्या आल्या. सातवी स्वतः व्यापाऱ्यानं डोक्यावरून आणली. मावशीनं ढोल थांबवला, खुर्चीवर ऐसपैस बसली आणि म्हणाली, “आता म्हना शेटजी तुमचं मंगल.”

अशी कीर्ती पसरली. अनसिंगला बोलावणं आलं, मंगरूळला आलं. लोक कानात बोटं घालून ऐकत आणि पुन्हा बोलावत. याचं कारण मला आजतागायत समजलेलं नाही.

पण मावशीला लग्नं नको होती. ती वाट होती, मुक्काम नव्हे. तिला एकच गोष्ट हवी होती: जयंतीच्या मिरवणुकीत, सगळ्यांच्या पुढं, तिचा बँड. दर वर्षी आमच्या वस्तीची मिरवणूक निघे, पुढं बाहेरगावाहून ठरवलेली पुरुषांची बँडपार्टी, मग कमिटी, मग पुरुष, मग पोरं आणि सगळ्यात मागं बायका. मावशीला पुढं चालायचं होतं. आणि तिथं पैकाजीभाऊ आडवे होते.

पैकाजीभाऊ जयंती कमिटीचे अध्यक्ष. रेल्वेतून गँगमन म्हणून निवृत्त झालेले. पांढरी पँट, पांढरा शर्ट आणि खिशाला दोन पेन, त्यांपैकी एकात शाई. कमिटीत अध्यक्ष, कार्याध्यक्ष, उपाध्यक्ष, सहउपाध्यक्ष अशी इतकी पदं होती की पद नसलेला माणूस सभेत ओळखू येई. मी थट्टा करतो, पण त्या दिवशी सभेत भाऊंनी जे सांगितलं त्याची थट्टा माझ्यानं होत नाही. मावशी बायकांच्या बाजूला उभी होती. भाऊ तिच्याकडे न पाहता बोलले.

“धर्मांतराच्या साली आपन डफडे टाकले. या वस्तीतले डफडे म्या माह्या हातानं गोया केले अन् कोरड्या हिरीत फेकले. माहा बुढा रडला, त्याचं डफडं त्याच्या बापाचं होतं. तरी फेकलं. काहून? गावातलं कोनी मेलं का वाजवा, कोनाची वरात निंघाली का वाजवा, पाटलाची गाय येली तरी वाजवा. अन् मंग शिळी भाकर घ्या. ते आपन सोडलं. अन् आता हे पंचफुला गळ्यात ढोल अडकवते, अन् तुमी म्हनता हिले पुढं घ्या?”

सभेतल्या माना हलल्या. खरं सांगायचं तर मलाही भाऊंचं पटत होतं. मी शिकलेला होतो. ढोल-ताशे मागं टाकून आलो म्हणूनच आपण वर्गात पोहोचलो, असं मी मानत होतो. मावशीच्या बाजूनं मी उठून जे बोललो ते सेक्रेटरी म्हणून बोललो, आणि ते तसंच ऐकू आलं असणार.

मावशी म्हणाली, “डफडे फेकले ते बेस केलं, भाऊ. हात तं नाई फेकले ना?”

“म्हंजे?”

“वाजवाची लाज नव्हती. हुकमानं वाजवाची लाज होती. आमाले कोनी हुकूम नाई करत. खुर्चीवर बसून वाजोतो आमी.”

कुणीतरी हसलं. भाऊ हसले नाहीत. ठराव झाला: बायकांनी हवं तर झांजा घेऊन मागं चालावं, ढोल नाही. मावशीनं सांगितलं, ढोल नाही तर आम्ही नाही. आणि दोन जयंत्या त्या सात जणी आपापल्या ओट्यावर बसून राहिल्या. मिरवणूक निघाली की मावशी माझ्याकडे बघून म्हणे, “ऐक, तो ढोलवाला झोपला हाय.” मला काहीच कळत नसे, पण मी मान हलवत असे; सेक्रेटरीला एवढं करावंच लागतं.

तिसऱ्या वर्षी भाऊ स्वतः आले. माझ्या खोलीत बसले, माझा चहा प्याले. बाजारपेठेच्या नव्या आवाराचं उद्घाटन होतं, मोठे पुढारी येणार होते, आणि त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की वाशीममध्ये बायकांचा बँड आहे. त्यांना स्वागताला तोच पाहिजे होता. भाऊंचं म्हणणं सरळ होतं: साहेबांपुढं चांगलं वाजवा, यंदाच्या जयंतीला पुढची जागा तुमची. शब्द.

मावशीनं विचारलं, “मास्तर, तू काय म्हनते?”

मी म्हणालो, जा. एका दुपारचा प्रश्न आहे. त्यात वर्षानुवर्षांचं काम होऊन जाईल. आजही मला हा सल्ला व्यवहाराला धरूनच वाटतो.

“खुर्च्या?” तिनं भाऊंना विचारलं.

“अवं, सात काय, चवदा ठेवतो.”

मार्च सरत आला होता. आवाराच्या फाटकाशी, कमानीखाली, आम्ही अकराला उभे राहिलो. खुर्च्या व्यासपीठावर होत्या, रांगेनं, पाठीवर पांढरे अभ्रे घातलेल्या. फाटकाशी एकही नव्हती. भाऊ ‘आनतो आनतो’ म्हणत हार मोजत होते. बारा वाजले. छातीवर मोठा बिल्ला लावलेला एक तरुण कार्यकर्ता होता, तो धावत आला आणि त्यानं हात वर केला: “साहेब निघाले, वाजवा.” बायकांनी ‘पट्टा’ सुरू केला. तो परत धावत आला, हात खाली: “थांबा, दुसरी गाडी आहे.” थांबल्या. मावशीच्या तोंडावर नापसंती दिसली, कारण चीज अर्धी सोडणं तिला दूध नासल्यासारखं वाटे. एक वाजला. पुन्हा हात वर. पुन्हा वाजवलं, पुन्हा हात खाली. कौसल्येला हात दिसला नाही, ती झांजा वाजवतच राहिली, आणि बिल्लेवाला तिच्यावर खेकसला, “ए बाई, ऐकू येत नाही का?” तिला खरंच येत नव्हतं. लोकरी कोटातून घाम जमिनीवर टपकत होता. दीड वाजता तो तिसऱ्यांदा आला आणि त्यानं हात वर केला.

मावशीनं ढोलाचं टिपरू खाली घेतलं.

“वाजवा ना,” तो म्हणाला.

ती कमानीखाली हार घेऊन उभ्या असलेल्या भाऊंकडे गेली. मी मागं होतो, मला वाटलं आता ती त्यांचा शब्द काढणार, खुर्च्या काढणार. ती अगदी हळू बोलली. तिला हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

“भाऊ, तुमी सभेत बोलले होते ते बरोबर होतं. हे डफडंच हाय.”

भाऊंनी हार या हातातून त्या हातात घेतला.

“मले वाटलं मी ढोल वाजवून राह्यली. डफडंच वाजवून राह्यली होती. आमी चाललो.”

मी तिच्यापुढं आडवा झालो. मी सांगितलं की गाडी आता दहा मिनिटांत येईल, की मिरवणुकीतली जागा हातची जाईल, की अडीच तास उभं राहून शेवटच्या दहा मिनिटांत निघून जाणं याला शहाणपण म्हणत नाहीत. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मास्तर, तू येते का राह्यते?” आणि सात जणींना रांगेत उभं करून तिनं ‘पट्टा तुटला’ सुरू केला, भर बाजारातून, घराच्या दिशेनं. दुकानदार बाहेर आले, पोरं मागं लागली, आणि साहेबांच्या स्वागताला जमलेली निम्मी गर्दी, तीही उन्हाला कंटाळलीच होती, आमच्या मागून चालू लागली. साहेब आले तेव्हा कमानीखाली भाऊ आणि बिल्लेवाला टाळ्या वाजवत होते असं दुसऱ्या दिवशी कळलं.

जागा गेलीच. भाऊ वस्तीत मावशीचं नाव घेईनासे झाले, ‘ते बाई’ म्हणू लागले. कमिटीनं बायकांना दिलेली झांजांचीही परवानगी काढून घेतली. बँडही उतरणीला लागला. सिंधूचं लग्न पुसदकडं झालं, एक जण नवऱ्याबरोबर औरंगाबादला गेली, आणखी एकीला सासऱ्यानं कोट घालायची बंदी केली. उरल्या चौघी. चौघींना कोण बोलावणार? मी मनातून सुटलो म्हणालो, आणि एम.ए.चा अर्ज भरला. मावशी तरी तालीम घेई. चौघींचा आवाज सात जणींएवढाच होता. तो कसा ते मी विचारलं नाही.

पुढच्याच्या पुढच्या जयंतीला कमिटीनं मोठ्या नावाची बँडपार्टी आणली. मिरवणूक उशिरा निघाली, जशी निघतेच. बाजाराच्या चौकात पोहोचलो तेव्हा बँडमास्तरनं घड्याळ पाहिलं, पार्टीला हाक मारली आणि वाद्यं टेम्पोत चढवली. त्यांचं दुसऱ्या गावी लग्न होतं. चारपर्यंतच ठरलं होतं. पैकाजीभाऊ टेम्पोच्या पुढं उभे राहिले, दोन्ही पेन खिशातून खाली पडली, तरी टेम्पो गेला. उरलेली अर्धी मिरवणूक चपलांच्या आवाजावर चालली. मी भाऊंच्या शेजारी होतो. ते सगळी वाट रिकामा खिसा चाचपत होते.

त्यानंतर काही महिन्यांनी ते माझ्याकडे आले. “मास्तर, येत्या जयंतीले पुढं वाजवा म्हनून कमिटीकडून त्या बाईले एक पत्र लिव्हा. ‘कळविण्यात येते की’.”

मी निरोप घेऊन कुडाच्या पलीकडं गेलो. मावशी भाकरी थापत होती. “कळवाले मी काय बाहेरगावी हाय? त्यायले म्हना, इनंती लिव्हा.”

मी अलीकडं आलो. भाऊ म्हणाले, “कमिटी इनंती करत नसते.” मी पलीकडं गेलो. मी एका बाजूचा सेक्रेटरी होतो आणि दुसऱ्या बाजूचा लेखनिक. माझंच पत्र मीच मला नेऊन देत होतो आणि मीच नाकारत होतो. भिंत एवढी पातळ की दोघांना एकमेकांचं सगळं ऐकू येत होतं. तरी मला चालवत होते. पाचव्या फेरीला मी खाली बसलो आणि म्हणालो, आता तुम्ही दोघं काय ते ओरडा. पलीकडं भाकरी थापल्याचा आवाज तेवढा चालू राहिला. मग भाऊंनी शाईचं पेन काढलं, माझ्या हातातला कागद ओढला आणि आडव्यातिडव्या अक्षरात स्वतः लिहिलं: ‘विनंती.’ बाकीचं पत्र मी त्याच्याभोवती लिहिलं. पलीकडं जाऊन ते वाचून दाखवलं. मावशीला वाचता येत नव्हतं. तिनं कागद हातात घेतला आणि भाऊंनी लिहिलेला शब्द कोणता ते विचारलं. मी बोट ठेवलं. तिनं त्या शब्दावर आपलंही पिठाचं बोट टेकवलं.

जयंतीला सिंधू माहेरी आली होती, सहा महिन्यांचं मूल घेऊन. ती ताशा घेणार हे ठरलं तेव्हा मूल कोण घेणार हा प्रश्न आला आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. अशा रीतीनं मी ती मिरवणूक एका तान्ह्या पोरीला खांद्यावर टाकून चाललो. पाच जणी सगळ्यात पुढं, लाल कोटात. मागं निळे झेंडे. मागं भाऊ आणि त्यांचे सगळे उपाध्यक्ष. काय आवाज होता तो. दुकानांची पत्र्याची दारं थरथरत होती. पोरगी माझ्या खांद्यावर गाढ झोपली. बाळंतपणाला आई माहेरीच होती, पोटात तालीम झालेली असणार.

मिरवणूक गावच्या वतनदार देशमुखांच्या वाड्याच्या फाटकाशी आली. हे सबंध रस्त्यातलं खास ठिकाण. दर वर्षी बँड इथं थांबवायचा आणि होता नव्हता तेवढा जोर लावून वाजवायचा, वाड्यातल्या लोकांनी ऐकावं म्हणून. पोरं तर त्याच्यासाठीच येत. वरच्या खिडक्यांत माणसं उभी होती. मी म्हटलं, आता ‘पट्टा तुटला’. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याची वाट पाहत होतो. सहा वर्षं चिठ्ठ्या लिहून, एकदा नापास होऊन, आज खांद्यावर पोर घेऊन मी इथपर्यंत आलो होतो.

मावशीनं टिपरू वर धरलं आणि सगळ्या थांबल्या. कौसल्येच्या मनगटाला सिंधूनं हात लावला, तीही थांबली. पाच जणी फाटकासमोरून चालू लागल्या, वाद्यं गळ्यात, एक ठोका नाही. मागून पोरं ओरडत होती, “मावशी, इथंच तं वाजवाचं.” मागं वळून पाहिलं तर भाऊ मान खाली घालून चालत होते आणि पोरांना हातानं गप्प करत होते. फाटक मागं पडलं, वळण आलं, आणि वळणापलीकडं ढोलावर थाप पडली, इतकी जोरात की पोरगी जागी होऊन रडू लागली.

संध्याकाळी मी तिच्या ओट्यावर जाऊन भांडलो. म्हणालो, वाजवण्यासाठी सगळ्या गावाशी वैर घेतलंत, माझी परीक्षा बुडवलीत, आणि नेमकं जिथं वाजवायचं तिथं मुक्यानं गेलात. याला काय म्हणावं? मावशीनं कोटाची बटणं सोडली, कोट दोरीवर टाकला.

“त्या फाटकाशी माहा बाप वाजवाचा, मास्तर,” ती म्हणाली. “जनमभर. आमच्या वाट्याचंबी वाजवून गेला तो.”